एकच तेल, निरनिराळे भाव

दिग्रसच्या पंचक्रोशींत खनिज तेलाची एकहि विहीर नाहीं. तरी पऱ्हाटीच्या शेतांत राबणारा ट्रॅक्टर, कापूस जिनिंगमध्यें पोंचविणारी मालमोटार व दारव्हा-पुसदच्या वाटेनें धांवणारी एस्.टी. हीं सर्व ज्या तेलावर चालतात, त्याचा बहुतेक भाग समुद्रापलीकडून येतो. पंपावरील पाटीवर त्याचा भाव चढला कीं घरांतील वडील मंडळी नांगरटीचा व वाहतुकीचा हिशोब पुन्हां मांडूं लागतात. अशा वेळीं एखादा चौकस विद्यार्थी विचारतो : तेल ही जमिनीच्या पोटांतून निघणारी एकच वस्तु, मग तें कुवेतमध्यें अति स्वस्त, नॉर्वेमध्यें अति महाग आणि आपल्याकडे त्या दोहोंच्या मधोमध, असें कां? शिवाय डिझेल आपल्या देशांत पेट्रोलाहून स्वस्त, तर अमेरिकेंत बहुधा महाग, हा उलटा न्याय कोठला? प्रश्न साधा दिसला तरी त्याच्या उत्तरांत भूगोल, अंकगणित, रसायन व राज्यकारभार हे चारहि विषय येतात. त्याचा क्रमशः विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कच्च्या तेलाकडे वळूं. जगाच्या बाजारांत तें पिंपाच्या मापानें विकलें जातें. एका पिंपांत सुमारें १५९ लिटर तेल मावतें. भारतास लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं शेंकडा ८५ हून अधिक परदेशांतून आणावें लागतें आणि त्याची किंमत मुख्यत्वें डॉलरांत चुकवावी लागते. एक पिंप ८० डॉलरांस मिळतें असें धरूं. डॉलर ६० रुपयांचा असेल तर लिटरमागें सुमारें ३० रुपये पडतात. तोच ८३ रुपयांचा झाला कीं सुमारें ४२ रुपये पडतात. २०१४ च्या मध्यास डॉलर ६० रुपयांच्या आसपास होता व २०२४ च्या मध्यास ८३ रुपयांच्या आसपास. म्हणजे तेलाचा जागतिक भाव तिळमात्र न वाढतांहि आपला खर्च वाढूं शकतो. ज्या देशाचें चलन दुबळें, त्याला तेंच तेल महाग पडतें.

दुसरी पायरी शुद्धीकरणाची. जिनिंगचा कारखाना आपल्याकडील मुलांस अपरिचित नाहीं. यंत्रांत कापूस घातला कीं रुई व सरकी या दोन्ही वस्तु निघतात; मला केवळ रुई द्या, सरकी नको, असें यंत्रास सांगून चालत नाहीं. तद्वत् कच्चें तेल तापवून त्याच्या वाफा निरनिराळ्या उष्णमानांवर थंड केल्या कीं पेट्रोल, रॉकेल, डिझेल इत्यादि पदार्थ एकाच कामांत हातीं येतात व तळाशीं डांबर उरतें. त्यांचें प्रमाण थोडेंफार बदलतां येतें, परंतु एकच पदार्थ काढणें शक्य नसतें. म्हणून ज्या पदार्थास गिऱ्हाईक अधिक, त्याचा भाव चढतो. युरोपांत अनेक वर्षें डिझेलच्या मोटारींस करांत सवलत मिळाल्यामुळें डिझेलची मागणी फार वाढली. तेथील उरलेलें पेट्रोल अमेरिकेस जाऊं लागलें व अपुरें पडणारें डिझेल रशियासारख्या देशांतून येऊं लागलें. २०२२ सालीं रशिया-युक्रेन युद्ध पेटतांच तेथें डिझेलची ओढाताण झाली व त्याचा भाव भडकला.

तिसरी पायरी वाहतुकीची. मुंबईस ट्रॉम्बे येथें १९५४ व १९५५ सालीं तेलशुद्धीचे दोन मोठे कारखाने सुरू झाले. तेथील तेल नळाच्या मार्गानें मनमाडनजीक पानेवाडीच्या आगारांत येतें आणि पुढें टँकरमधून गांवोगांव जातें. परभणी या आगारापासून फार दूर. म्हणून महाराष्ट्रांत सर्वांत महाग पेट्रोल परभणीस, ही बातमी वृत्तपत्रांत वारंवार झळकली आहे. विक्रेत्याचें कमिशनहि याच पायरीवर जमेस धरावें.

परंतु चलन, शुद्धीकरण व वाहतूक यांनीं भावांत जो फरक पडतो, त्यानें एका देशांतील तेल दुसऱ्या देशांतील तेलाच्या पांचपट महाग होत नाहीं. खरें कारण चौथ्या पायरीवर, म्हणजे सरकारी करांत व सवलतींत आहे. नॉर्वे व कुवेत या दोहोंपाशीं तेल विपुल आहे. कुवेतचें सरकार आपल्या लोकांस तें अल्प दरांत देतें. नॉर्वेचें सरकार उलट आपल्याच लोकांकडून पेट्रोलवर जबर कर घेतें आणि तेलाच्या निर्यातीचें उत्पन्न एका राष्ट्रीय निधींत, पुढील पिढ्यांसाठीं, सांठवितें. तेव्हां ज्याच्या घरीं विहीर त्याच्या घरीं स्वस्ताई, हा समज खरा नाहीं.

अमेरिकेंत पेट्रोलवरील मध्यवर्ती सरकारचा कर १९९३ सालापासून गॅलनमागें १८.४ सेंट, म्हणजे लिटरमागें पांच सेंटांहूनहि कमी आहे. राज्यांचे कर निराळे, पण तेहि बेताचे. ब्रिटनमध्यें २०११ पासून मार्च २०२२ पर्यंत लिटरमागें ५७.९५ पेन्स इतका कर होता व त्यावर आणखी शेंकडा २० विक्रीकर. ब्रिटननें हा कर पेट्रोल व डिझेल दोहोंवर सारखाच ठेविला. अमेरिकेनें मध्यवर्ती कर डिझेलवर अधिक, २४.४ सेंट ठेविला. भारतांत मात्र शेती, मालवाहतूक व एस्.टी. यांचा विचार करून डिझेलवर कमी कर घेण्याची वहिवाट पडली. प्रारंभीं विचारलेल्या उलट्या न्यायाचें बरेंचसें उत्तर यांत आहे.

आतां आपल्या घरचा हिशोब पाहूं. आपल्याकडे केंद्र सरकार लिटरमागें ठरावीक रुपये अबकारी कर घेतें व त्यासह होणाऱ्या किंमतीवर राज्य सरकार आपला विक्रीकर आकारतें. म्हणजे करावरहि कर बसतो. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला तेव्हां पेट्रोल व डिझेल त्यांतून वगळलीं गेलीं. म्हणून राज्याराज्यांत भाव भिन्न. २०२४ सालच्या जुलै महिन्यांत एक लिटर पेट्रोल दिल्लीस ९४ रुपये ७२ पैसे, मुंबईस १०३ रुपये ४४ पैसे व हैदराबादेस १०७ रुपये ४१ पैसे होतें. आपल्या जिल्ह्याची पैनगंगा ओलांडली कीं तेलंगण लागतें. नदी तीच, पाऊस तोच, पण पंपावरील पाटी निराळी. गोव्यानें २०१२ सालीं पेट्रोलवरील राज्याचा कर जवळजवळ काढून टाकला, तेव्हां तेथें पेट्रोल एकदम सुमारें ११ रुपयांनीं उतरलें. उलट २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारनें दुष्काळनिवारणासाठीं पेट्रोल व डिझेल यांवर लिटरमागें दोन रुपये अधिक कर बसविला. ज्या दुष्काळानें विदर्भ-मराठवाड्याचा शेतकरी पोळला, त्याच्या निवारणाचा पैसा त्याच्याच डिझेलमधूनहि गोळा झाला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

वाचकांपैकीं कोणी म्हणतील, जागतिक भाव उतरतो तेव्हां आपला कां उतरत नाहीं? पेट्रोलचे भाव २०१० सालीं व डिझेलचे २०१४ सालीं सरकारी नियंत्रणांतून मोकळे झाले; २०१७ पासून ते रोज ठरूं लागले. परंतु २०२० सालीं साथीच्या दिवसांत कच्चें तेल कोसळलें तेव्हां केंद्र सरकारनें मे महिन्यांत पेट्रोलवर १० व डिझेलवर १३ रुपये कर वाढविला. अबकारी कर त्या वेळीं पेट्रोलवर ३२ रुपये ९८ पैसे व डिझेलवर ३१ रुपये ८३ पैसे झाला. पुढें दोन वेळां कपात होऊन मे २०२२ मध्यें तो अनुक्रमें १९ रुपये ९० पैसे व १५ रुपये ८० पैशांवर आला. म्हणजे स्वस्ताईचा लाभ ग्राहकाच्या खिशांत न जातां तिजोरींत गेला व भाव चढल्यावर त्यांतील कांहीं भाग परत मिळाला. त्या पैशानें रस्ते होतात, शाळा-दवाखाने चालतात, हें खरें. परंतु हा कर श्रीमंत व गरीब यांस लिटरमागें सारखाच पडतो, हेंहि तितकेंच खरें.

मग सरकारनें पदरचें घालून तेल स्वस्तच विकावें काय? व्हेनेझुएलांत तेलाचे सांठे अपार. तेथें पेट्रोल दीर्घकाळ पाण्याच्या भावानें मिळे. १९८९ सालीं भाव वाढवितांच राजधानींत भयंकर दंगल उसळली. पुढें कारखान्यांची आबाळ होऊन २०२० सालीं त्याच देशाला इराणहून पेट्रोलचीं जहाजें मागवावीं लागलीं. नायजेरियानें २०२३ सालीं सवलत बंद करतांच भाव थोड्याच दिवसांत जवळजवळ तिप्पट झाला. श्रीलंकेंत २०२२ सालीं परकीय चलन संपलें तेव्हां पाटीवर भाव होता, पण पंपांत तेल नव्हतें.

स्वस्त व महाग यांच्या सीमेवर आणखी एक अनर्थ घडतो. नेपाळास लागणारें पेट्रोल भारतांतूनच जातें; तरी कराच्या फरकामुळें २०२१ सालीं तें तेथें स्वस्त पडलें व बिहारच्या सीमेवरील लोक तें पलीकडून आणूं लागले. आपल्या राज्यांत शिधापत्रिकेवर मिळणारें निळें रॉकेल डिझेलहून कितीतरी स्वस्त होतें. तें गरिबाच्या चुलीऐवजीं मालमोटारींच्या टाक्यांत जाऊं लागलें. २५ जानेवारी १९११ नव्हे, तर आपल्याच काळांत, २५ जानेवारी २०११ रोजीं, मनमाडनजीक अशा भेसळीवर हात घालणारे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांस भेसळखोरांनीं जिवंत जाळलें. दोन भावांमधील अंतर हें केवळ अंकगणित नव्हे. त्या अंतरांत एका कर्तव्यनिष्ठ अधिकाऱ्याचे प्राण गेले, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

शेवटीं एक सूचना. देशादेशांतील भावांची तुलना करतांना तेथील मजुरीहि पाहावी. नॉर्वेचा कामकरी महाग पेट्रोल घेतो, पण त्याच्या तासाभराच्या मजुरींत तें कित्येक लिटर येतें. आपल्याकडील शेतमजुराच्या उभ्या दिवसाच्या कष्टांत किती येतें, हें प्रत्येकानें घरीं विचारून पाहावें. ब्रिटनमध्यें शेतकऱ्यास कमी कराचें, तांबड्या रंगाचें, ओळखूं येणारें डिझेल निराळें मिळतें; आपला शेतकरी पंपावर सर्वांबरोबर उभा राहून पूर्ण कर भरतो. शिवाय तो डिझेलचा भाव ठरवीत नाहीं व आपल्या कापसाचाहि ठरवीत नाहीं. मालमोटारवाला भाडें वाढवूं शकतो, दुकानदार किंमत वाढवूं शकतो. वाढलेल्या खर्चाचें ओझें पुढें ढकलण्यास ज्याला जागा नाहीं, असा या सांखळींत तोच एक.

तात्पर्य, पंपावरील एका आंकड्यांत दूरच्या विहिरी, आपला रुपया, टँकरची वाट आणि सरकारचा निर्णय हीं सर्व दडलेलीं असतात. यांपैकीं पहिल्या तिहींवर आपला इलाज थोडा. चौथी गोष्ट मात्र लोकांनीं निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या हातीं असते. विद्यार्थ्यांनीं एक लहानशी वही करावी, महिन्याच्या पहिल्या तारखेस कच्च्या तेलाचा, डॉलरचा व गांवांतील डिझेलचा भाव तींत टिपावा, आणि वर्षअखेर तीनहि रकाने शेजारीं ठेवून पाहावे. कोणता भाव कोणामुळें हलला, हें ज्यास वाचतां येईल, तो उद्यां मत देतांना कोणाच्या पोकळ आश्वासनानें फसणार नाहीं.