चैत्यभूमीला जाल तेव्हा चाळीही पाहून या

आपल्या गोंदियातून विदर्भ एक्सप्रेसने कितीतरी लोक ६ डिसेंबरला दादरला जातात. अभिवादन करतात, पुस्तके घेतात आणि परतीची गाडी धरतात. तरुण मित्रांना आमचे सांगणे आहे की, एक दिवस जास्त काढा आणि नायगाव, परळ, वरळीच्या चाळी पायी फिरून पाहा. त्या पाडल्या जात आहेत.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० मध्ये हे खाते निघाले आणि वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे कामगारांसाठी २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले. प्रत्येक मजल्यावर मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. म्हणजे एका चाळीत ८० घरे. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक.

मुंबईत आले म्हणून जात सुटली नाही. इथेही अस्पृश्य मानलेल्यांच्या चाळी वेगळ्या पडल्या. पण त्याच चाळींतून चळवळीला माणसे मिळाली. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर वरळीत दंगल पेटली, आणि १० तारखेच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले.

आता म्हाडाच्या पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. याला नावे ठेवणाऱ्यांत आम्ही नाही. सामाईक नळ-संडासावर आयुष्य काढलेल्या बाईला चाळ संस्कृतीचे कौतुक ऐकवणे हा पोट भरलेल्यांचा शौक आहे. प्रश्न बोळाचा आहे. जयंतीची वर्गणी, मयताची धावपळ, पोरांचा अभ्यास, भांडणेसुद्धा, सगळे त्या बोळात चालायचे. चाळीस मजली टॉवरमध्ये लिफ्ट आहे, बोळ नाही. तिथे शेजार मुद्दाम उभा करावा लागेल, आणि वाढता देखभाल खर्च न पेलून घर विकण्याची पाळी येऊ नये म्हणून सोसायटीत आपली माणसे बसवावी लागतील.

परळच्या पोयबावडीची चाळ मात्र बीडीडीची नव्हे. ती इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. पुष्कळांची इथे गल्लत होते. बाबासाहेब १९१२ ते १९३४ या काळात, परदेशातील शिक्षणाची वर्षे सोडून, तिथेच राहिले.

जाल तेव्हा उघड्या दारांतून फोटो काढू नका. वडीलधाऱ्यांना आधी विचारा, मग फोनवर त्यांचे बोलणे नोंदवा: चाळ नंबर कोणता, मूळ गाव कोणते, जयंतीची मिरवणूक कुठून निघायची, १९७४ ला तुम्ही कुठे होता.