पडताना नाक खाली

विमान पडू लागलं की त्याचं नाक वर खेचावं, असं कुणालाही वाटेल. जमिनीवर वाढलेलं शरीर तेच सांगतं. फ्लाइंग क्लबात दाखल झालेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीच्या काही उड्डाणांतच नेमकं उलट शिकवतात: पडू लागलात तर नाक खाली करा. खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी, म्हणजे पीपीएलसाठी, आपल्याकडे किमान ४० तासांचं उड्डाण लागतं आणि त्यातले २० तास एकट्यानं करावे लागतात. यंत्र ओळखीचं व्हायला यातला फारसा वेळ लागत नाही. खरा वेळ जातो तो शरीराच्या जुन्या सवयी मोडण्यात.

हे शिक्षण आपल्याकडे जुनं आहे. जुहूचा बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ सालचा. जे. आर. डी. टाटा तिथेच शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिलेला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. आता महाराष्ट्रात शिकाऊ वैमानिक भेटतात ते बारामती, धुळे, गोंदियाच्या धावपट्ट्यांवर. त्यांतल्या बहुतेकांची नजर २०० तासांच्या व्यावसायिक परवान्यावर असते, पण पहिले धडे दोन्ही परवान्यांचे सारखेच. शिकाऊ परवाना सोळाव्या वर्षी मिळतो, पीपीएल सतराव्या. दहावी पास असावं लागतं. हवाई नियम, हवामान, दिशाशोधन आणि इंजिन यांची लेखी परीक्षा असते, रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. हे सगळं अभ्यासानं जमतं.

उड्डाणं सकाळी लवकर सुरू होतात, कारण तेव्हा हवा थंड आणि शांत असते. निघण्याआधी विद्यार्थी विमानाभोवती एक फेरी मारतो. विमान बहुधा सेसना १५२ किंवा १७२. पंखाखालच्या झडपेतून तो पारदर्शक नळीत थोडं पेट्रोल काढतो आणि उजेडात धरतो. विमानाचं हे पेट्रोल, एव्हगॅस १०० एलएल, फिकट निळं असतं. तळाशी वेगळा, रंगहीन थेंब दिसला तर ते पाणी. अर्धवट रिकाम्या टाकीत रात्री ओल धरते, आणि पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे ते सगळ्यात खाली, इंजिनाकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी येऊन बसतं. यातही एक चकवा आहे. नळीत आलेलं सगळंच पाणी असेल तर वेगळा थेंब दिसणारच नाही, नळी छान स्वच्छ दिसेल. म्हणून थेंब शोधण्याआधी निळा रंग पाहायचा आणि वास घ्यायचा.

डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक बारीक भोक असतं. विद्यार्थी त्यावर स्वच्छ रुमाल धरतो आणि तोंडानं हवा ओढतो. आतून पिपाणीसारखा सूर निघतो. हा स्टॉलचा इशारा. त्याला वीज लागत नाही. पंखावरची हवा बिघडण्याच्या बेतात आली की त्या भोकाजवळचा दाब कमी होतो, आतली हवा ओढली जाते आणि सूर आपोआप वाजतो.

आता स्टॉलकडेच जाऊ, कारण पुढचं बरंचसं त्यावर उभं आहे. स्टॉलमध्ये इंजिनाला काहीही झालेलं नसतं, बिघडते ती पंखावरची हवा. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर धरून तळवा जरा तिरपा केला की हात वर उचलला जातो. आणखी तिरपा केला की आणखी. पण एका मर्यादेपुढे तो वर जायचा थांबतो आणि नुसता मागे ढकलला जातो. पंखाचंही असंच होतं. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन साधारण १५-१६ अंशांच्या पुढे गेला की वरच्या बाजूची हवा पंखाला धरून वाहणं सोडते आणि उचल एकदम घटते. विमान थरथरतं, नाक पडतं. अशा वेळी घाबरून दांडा ओढला तर कोन आणखी वाढतो, म्हणजे जे बिघडलंय ते आणखी बिघडतं. नाक खाली सोडलं की कोन कमी होतो आणि हवा पुन्हा पंखाला धरते. मग पूर्ण पॉवर, पंख समतल, आणि मग चढ. हा सराव जमिनीपासून काही हजार फूट वर, मोकळ्या आभाळात होतो. तिथे दोन-तीनशे फूट गमावले तरी बिघडत नाही.

स्टॉल कोनामुळे होतो, कमी वेगामुळे नव्हे. पुस्तकात विमानाचा स्टॉलचा वेग लिहिलेला असतो, पण तो सरळ, समतल उड्डाणाचा. वळताना पंखांना जास्त भार उचलावा लागतो. उंची राखून ४५ अंश कलून वळलं तर तो वेग साधारण १९ टक्क्यांनी वाढतो. ६० अंशांवर भार दुप्पट होतो आणि वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ जाताना जो वेग निर्धास्त होता तोच तीव्र वळणात धोक्याचा ठरतो.

हे सगळ्यात जास्त महाग पडतं ते उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर. सर्किट म्हणजे धावपट्टीभोवती हजार फुटांवरून घातलेला एक लांबट आयत. वाऱ्याच्या दिशेनं धावपट्टीला समांतर जायचं ते डाउनविंड, तिथून नव्वद अंशात वळून उतरत यायचं ते बेस, आणि पुन्हा वळून धावपट्टीच्या रेषेत आलं की फायनल. बेसवर मागून वारा असेल तर विमान रेषेच्या पलीकडे जातं. चूक दिसते, जमीन जवळ असते, जास्त कलायची भीती वाटते. मग पाय आपसूक रडरवर, म्हणजे शेपटीचं सुकाणू फिरवणाऱ्या पेडलवर जातो आणि नाक धावपट्टीकडे ढकलतो. आतला पंख मंदावतो, कल वाढतो, तो थोपवायला हात दांडा उलट बाजूला नेतो, नाक खाली जाताना दिसलं की मागे ओढतो. यातली प्रत्येक हालचाल एकेकटी समजूतदार वाटते. सगळ्या मिळून एका पंखाला आधी स्टॉल करतात, आणि विमान गिरकी घेत पडतं तेव्हा खाली सावरायला उंचीच नसते. माझ्या मते नव्या विद्यार्थ्याच्या मनावर सगळ्यात आधी कोरावा तो नियम हाच: रेषा चुकली तर ती जबरदस्तीनं पकडायची नाही. पॉवर द्यायची, वर चढायचं, पुन्हा फेरी मारायची. या गो-अराउंडला चांगले प्रशिक्षक कधीच अपयश म्हणत नाहीत.

फायनलवर आणखी एक सवय मोडावी लागते. विमान खाली जातंय असं वाटलं की नाक वर करावंसं वाटतं, आणि तसं केलं की वेग गळतो. लहान विमानात शिकवण्याची एक पद्धत अशी: नाकानं वेग सांभाळा, थ्रॉटलनं उंची. खाली जाताय तर पॉवर वाढवा, वेग कमी होतोय तर नाक किंचित खाली घ्या. यावर प्रशिक्षकांत मतभेद आहेत, पण नव्या माणसाला स्टॉलपासून लांब ठेवणारी म्हणून मला हीच पद्धत पटते. नेम बरोबर आहे का, हे काचेतून कळतं. धावपट्टीवरचा एक बिंदू निवडायचा. तो काचेत वर सरकू लागला तर आपण अलीकडे पडणार, खाली सरकू लागला तर पलीकडे जाणार. जागचा हलला नाही, नुसता मोठा होत गेला, तर तिथेच पोचणार.

जमिनीपाशी आल्यावर नजर उचलून धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्यायची. चाकांखाली पाहिलं तर उंचीचा अंदाज लागत नाही. पॉवर बंद करायची आणि विमानाला टेकू द्यायचं नाही. दांडा हळूहळू मागे घेत, जमिनीपासून हातभर वर, ते तसंच धरून ठेवायचं. वेग संपत जातो, नाक वर येतं, आणि उचल संपली की मागची दोन चाकं आपणहून टेकतात. घाई केली तर नाकाचं चाक आधी आपटतं आणि विमान उसळी घेतं. विद्यार्थ्याचे दिवसच्या दिवस या दहा सेकंदांत जातात.

मग एका सकाळी प्रशिक्षक विमान थांबवायला लावतो आणि खाली उतरतो. पहिली सोलो. या उड्डाणाबद्दल भावनेनं भरपूर लिहिलं जातं, मला त्यातलं वजन महत्त्वाचं वाटतं. सेसना १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. ७५ किलोचा माणूस उतरला म्हणजे दहावा हिस्सा गेला. विमान लवकर उचलतं, भराभर चढतं, हजार फूट अपेक्षेआधी गाठतं आणि उतरताना जमिनीलगत जास्त वेळ तरंगत राहतं. शहाणा प्रशिक्षक हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे एकट्या बसलेल्या मुलाला काहीतरी बिघडलंय असं वाटत नाही.

सोलोनंतर आणीबाणीचा सराव वाढतो. हवेत असताना प्रशिक्षक थ्रॉटल मागे ओढतो: इंजिन गेलं असं समजा. पहिलं काम ठरलेलं, नाक खाली घेऊन तरंगण्याचा सर्वोत्तम वेग धरायचा. १५२ मध्ये तो ताशी ६० सागरी मैल. त्या वेगात हजार फूट उंचीमागे साधारण दीड सागरी मैल जाता येतं. मग शेत निवडायचं. बारामतीच्या पट्ट्यात वरून सगळीकडे हिरवं आणि सपाट दिसतं, पण त्यातला बराचसा ऊस असतो. माणसापेक्षा उंच, दाट ऊस ही उतरायची जागा नव्हे. काढणी झालेलं ज्वारी-बाजरीचं रान बरं. नांगरलेलं असेल तर सऱ्यांच्या दिशेनं उतरायचं, आडवं नाही. पावसाळ्यात काळी माती चाक धरून ठेवते आणि विमान उलटू शकतं. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधायचे, आणि दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरून चालायचं. उड्डाण घेतल्या घेतल्या इंजिन गेलं तर मागे वळून धावपट्टीवर यायचा मोह टाळायचा आणि बऱ्यापैकी समोरच उतरायचं. मागे वळण्यात उंचीही जाते आणि वेगही, आणि पुन्हा तोच वळणातला स्टॉल वाट पाहत असतो.

क्रॉस-कंट्रीत, म्हणजे एका धावपट्टीवरून दूरच्या दुसरीकडे जाण्याच्या प्रवासात, प्रश्न बदलतो. पीपीएलसाठी एकट्यानं पाच तास असा प्रवास करावा लागतो आणि त्यात एक फेरी किमान १५० सागरी मैलांची, वाटेत दोन वेगळ्या धावपट्ट्यांवर उतरून. नकाशावर रेघ मारायची, वाऱ्यानं किती ढकललं जाईल ते काढायचं, आणि वेळेवर नजर ठेवायची. साठ मैलांत एक मैल हटलो म्हणजे एक अंशाची चूक, हे सूत्र तोंडपाठ असतं. वीस मैलांत दोन मैल हटलो तर सहा अंश. खुणा मात्र जपून निवडाव्या लागतात. उजनी धरणाचं पाणी नकाशावर ठळक असतं, पण जलाशयाचा दिवाळीतला काठ आणि मे महिन्यातला काठ यांत मैलांचा फरक पडतो. त्यापेक्षा पुणे-सोलापूर रेल्वेमार्ग किंवा धरणाची भिंत भरवशाची. शिवाय भिगवणकडे हिवाळ्यात पक्ष्यांचे थवे उतरतात, तिथे कमी उंचीवरून जाऊ नये.

उन्हाळ्यात गणित आणखी घट्ट होतं. पठारावर दोन हजार फूट उंचीची धावपट्टी असेल आणि पारा ४० वर असेल, तर इंजिनाला आणि पंखांना मिळणारी हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. धाव लांबते, चढ मंदावतो. वेगदर्शक नेहमीचाच आकडा दाखवतो, पण चाकांखालची जमीन जास्त वेगानं पळत असते. तिच्याकडे पाहून विमान लवकर उचलायचा मोह होतो. तिथेही आकड्यावर विश्वास ठेवायचा, डोळ्यांवर नाही.

शेवटच्या चाचणीत परीक्षक हेच सगळं पुन्हा करायला लावतो: स्टॉल, तीव्र वळणं, इंजिनाशिवाय उतरणं, वाटेत मार्ग बदलणं. परवाना मिळाल्यावर मित्रांना, घरच्यांना घेऊन उडता येतं, पण त्याचे पैसे घेता येत नाहीत, आणि रात्री प्रवासी न्यायचे तर वेगळं प्रशिक्षण लागतं.

कुणाला खरोखर शिकायचं असेल तर क्लबात फी भरण्याआधी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) यादीतल्या डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. पीपीएलला क्लास २ लागते. चष्मा चालतो, रंग ओळखण्यात अडचण असेल तर ती मात्र आधीच कळलेली बरी. आणि क्लब निवडताना विमानं किती नवी आहेत यापेक्षा एक गोष्ट विचारावी: गेल्या महिन्यात इथल्या विद्यार्थ्यानं गो-अराउंड केलं तेव्हा प्रशिक्षक काय म्हणाले?