प्लगवरून इंजिनाची प्रकृतिपरीक्षा

वैद्य रोग्याची जीभ पाहतो, आणि जाणता शेतकरी पानाच्या रंगावरून जमिनींत काय उणें आहे तें ताडतो. त्याचप्रमाणें होडीच्या मागें लावावयाच्या पेट्रोल इंजिनाची प्रकृति त्याच्या स्पार्क प्लगच्या टोकावरून बरीचशी कळते. खाडीकांठच्या ज्या बागायतदारांस नारळ, भात किंवा पेंढा होडीनें पैलतीरास न्यावा लागतो, त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून ही माहिती येथें देत आहें. ओहोटीच्या वेळीं खाडीच्या मुखाशीं इंजिन बंद पडलें तर होडी समुद्राकडे ओढली जाते. मालाचें नुकसान तर होतेंच, पण प्रसंगीं जिवावरही बेततें. म्हणून इंजिनाचा दोष कांठावरच कळलेला बरा.

ओले एव्हिनरूड यांनीं अशा प्रकारचें इंजिन अमेरिकेंतील मिल्वॉकी शहरीं १९०९ सालीं विक्रीस आणलें. तेव्हांपासून यंत्रांत पुष्कळ सुधारणा झाल्या. तथापि पेट्रोल इंजिनांत ठिणगी पाडण्याचें काम आजही प्लगच करतो. त्याचें टोक सिलिंडरच्या आंत, जाळाच्या तोंडाशीं असतें. इंधन, तेल, हवा व पाणी यांपैकीं कशांतही कमीजास्त झालें कीं त्याची खूण या टोकावर उमटते. इंजिन अडलें कीं पुष्कळ लोक जुना प्लग फेकून नवा बसवितात. इंजिन चालूं लागतें, परंतु चार दिवसांनीं पुन्हां तोच प्रकार. प्लग हा बहुधा गुन्हेगार नसून साक्षीदार असतो. साक्ष न घेतांच त्यास घालवून दिला तर मूळ दोष तसाच राहतो.

प्लग काढण्याची रीत. पंचनामा करतांना वस्तु हलविण्यापूर्वीं तिची स्थिति टिपून घेतात. तोच नियम येथें पाळावा. होडी नेहमींच्या ओझ्यासह, नेहमींच्या वेगानें दहा मिनिटें चालवावी, आणि सुरक्षित जागीं येतांच इंजिन मंद गतीवर न रेंगाळवितां बंद करावें. मंद चालीवर धरणारी काजळी खरी खूण झांकून टाकते. इंजिन निवल्यावर प्लगभोंवतालची रेती व मीठ पुसून योग्य मापाच्या पान्यानें प्लग काढावा. सिलिंडर दोन असतील तर कोणता प्लग कोठला याची खूण ठेवावी. मग तो न पुसतां उजेडांत पाहावा.

(१) निरोगी प्लग. टोक कोरडें, रंग फिकट तपकिरी अथवा करडा, कडा शाबूत. भारतांत २००० सालापासून पेट्रोल शिसेविरहित असल्यामुळें हा रंग जुन्या पुस्तकांत वर्णिल्याइतका गडद येत नाहीं. नव्या प्लगवर तर तो उमटण्यास कित्येक तास लागतात.

(२) कोरडी काळी काजळी. इंधन अधिक व हवा कमी, असा याचा अर्थ. चोक ओढलेलाच राहणें, इंजिन फार वेळ मंद चालविणें किंवा कार्ब्युरेटर भरून वाहणें, हीं सामान्य कारणें होत.

(३) ओला, तेलकट काळा प्लग. दोन फेऱ्यांच्या इंजिनांत पेट्रोलांतच तेल मिसळतात. प्रमाण ५० भागांस १ असेल तर लिटरास २० मिलिलिटर तेल पुरें होतें. अंदाजानें ओतलेलें अधिक तेल प्लगवर चढून बसतें. चार फेऱ्यांच्या इंजिनांत हीच खूण दट्ट्याच्या कड्या झिजल्याची असूं शकते. प्लग केवळ पेट्रोलानें भिजला असेल तर ठिणगीच पडत नसावी. ती तपासतांना जवळ पेट्रोलाची वाफ नसावी.

(४) पांढरा, भाजलेला प्लग. टोक खडूसारखें पांढरें, त्यावर बारीक फोड, कडा वितळल्यासारख्या. असें दिसतांच इंजिन पुन्हां चालूं करूं नये, कारण आंच मर्यादेबाहेर गेली आहे. एक तर कार्ब्युरेटरचें छिद्र किंवा इंधनाची गाळणी तुंबून इंधन कमी पडत असेल, नाहीं तर निवविणारें पाणी पोहोंचत नसेल. हें इंजिन खाडीचेंच पाणी ओढून स्वतःस थंड ठेवतें. पाणी घेण्याच्या जाळीवर शेवाळ वा प्लास्टिकची पिशवी बसली, अथवा गाळांतून चालून पंपाचें इम्पेलर नांवाचें रबरी चक्र झिजलें, कीं तें तापूं लागतें. इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार म्हणूनच नेहमीं पाहत असावी. टोकावर ॲल्युमिनिअमचे चकाकते कण असतील तर दट्ट्या वितळूं लागला असें समजावें. इंधन कमी मिळणारें इंजिन कांहीं काळ अगदीं गोड चालतें, त्यामुळें मालकास शंकाही येत नाहीं. काळा प्लग होडी अडवितो. पांढरा प्लग इंजिन मारतो.

(५) पाण्याचे थेंब किंवा गंज. दोहोंपैकीं एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर आनंद मानूं नये. त्या सिलिंडरांत गॅस्केटमधून पाणी शिरून वाफेनें प्लग धुतला जात असावा. दोन्ही ओले असतील तर टाकी पाहावी. हल्लीं पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें पाणी शोषून घेतें, व पाणी फार झालें कीं त्यासह तळाशीं बसतें. म्हणून पावसाळाभर पडून राहिलेलें पेट्रोल इंजिनांत घालूं नये.

काजळी धरते म्हणून अधिक उष्ण जातीचा प्लग बसविण्याचा मोह टाळावा. त्यानें काळ्या प्लगचा पांढरा होईल. यंत्रपुस्तिकेंत दिलेल्या क्रमांकाचाच प्लग घ्यावा, टोकांतील अंतर मापपट्टीनें तपासावें, आणि दोन नवे प्लग व पाना डब्यांत घालून होडींत ठेवावेत.

पाठीवरील फवारणी पंपास व गवत कापण्याच्या यंत्रासही ही परीक्षा लागू आहे. मात्र तीं हवेनें निवत असल्यानें पाण्याऐवजीं त्यांच्या पंखांतील कचरा पाहावा. प्लग काढाल तेव्हां तारीख, चाललेले तास व दिसलेला रंग वहींत लिहीत जावें. वर्षभराच्या अशा नोंदी कारागिरापुढें ठेवल्या, तर इंजिन खोलण्यापूर्वींच दोष कोठें शोधावा हें त्यास कळेल आणि आपला खर्च वांचेल.