पूरनमागे उरलेली झलकारी

21 मार्च 1858 रोजी सर ह्यू रोजची इंग्रज फौज झाशीपुढे येऊन ठाकली. आत तोफांवर जे लढत होते त्यांत पूरन कोरी होता, असे बुंदेलखंडात सांगतात. कोरी म्हणजे विणकर. त्याची बायको झलकारी भोजला गावची. लग्न होऊन झाशीत आली आणि राणी लक्ष्मीबाईच्या स्त्रियांच्या पथकात शिरली. तिचा चेहरा राणीसारखा होता, हे तर सगळेच सांगतात. मला मात्र त्या साम्याहून हे जोडपेच अधिक ओढून घेते. उंबऱ्यात वाट पाहणारी बायको या कथेत नाही. दोघेही एकाच वेढ्यात, आपापल्या जागी उभे.

1 एप्रिलला तात्या टोपे बेतवेकाठी हरले आणि बाहेरून मदत येण्याची आशा संपली. 3 तारखेला इंग्रज तट चढून शहरात घुसले. 4 तारखेच्या रात्री राणी काल्पीच्या वाटेला लागली. पूरन किल्ला राखताना पडला. ते कळल्यावर झलकारीने शोक आवरला, राणीचा वेश चढवला आणि शत्रूला गुंतवून ठेवले, अशी ही लोककथा.

इथून कथेला दोन फाटे फुटतात. एकात झलकारीही त्याच लढाईत मरते. दुसऱ्यात इंग्रज तिला सोडून देतात आणि ती 1890 पर्यंत जगते. पुतळ्याला, भाषणाला पहिला शेवट शोभतो. 2001 मध्ये टपाल खात्याने तिचे तिकीट काढले तेही वीरांगना म्हणूनच, आणि तो मान तिचाच आहे. पण माझे मन दुसऱ्या शेवटाशी अडते. नवऱ्यापाठोपाठ मरण्यात एक रात्र जाते. त्याच्यावाचून जगण्यात बत्तीस वर्षे. तेही कोणत्या गावात? विष्णुभट गोडसे वरसईकर वेढ्याच्या वेळी झाशीत अडकले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये त्या दिवसांची लूट, जाळपोळ आणि कत्तल आहे. त्याच गल्ल्यांतून तिला रोज पाणी आणायचे होते, पोट भरायचे होते.

झलकारीची कथा दूरवर पोचवण्यात वृंदावनलाल वर्मांच्या ‘झाँसी की रानी’ या 1946 च्या कादंबरीचा मोठा वाटा आहे. वर्मांचे पणजोबा आनंदराय 1858 मध्ये राणीच्या बाजूने लढताना मऊच्या लढाईत कामी आले. राणीच्या गोष्टी वर्मांनी लहानपणी ऐकल्या त्या पणजीकडून. वर्मांचा जन्म 1889 चा. म्हणजे नवरा जाऊन तीस वर्षे उलटून गेली तरी ती म्हातारी त्या लढाईविषयी बोलत होती. ज्या लढाईने तिचे कुंकू पुसले, तिचीच हकीकत तिने पणतवंडाला सांगितली, आणि पुढे त्याने जुनी माणसे गाठली, कागद चाळले, ते त्या ऐकीव गोष्टींच्या ओढीने.