पाणी दाखवणारी संग्रहालये : पेण-रोह्याच्या निमित्ताने

पाण्याविषयीचे लोकशिक्षण हे संग्रहालयांचे तसे अलीकडचे काम. घागरी, तांबे, झाऱ्या यांचा संग्रह पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी आहेच. पण तिथे नजर ठरते ती कारागिरीवर. भांड्यातले पाणी कोठून यायचे आणि ते कोण वाहून आणायचे, हे भांडे सांगत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी आता जगभरच्या जलसंग्रहालयांचे युनेस्कोच्या पाठिंब्याने चालणारे जाळे उभे राहिले आहे. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की त्याच्या कितीतरी आधीची. झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून, उंचावरून पाडून जाते फिरवायचे, ही युक्ती तिथे डोळ्यांनी पाहता येते.

पेण आणि रोहा तालुक्यांत अशा वस्तू काचेच्या कपाटात नाहीत, जागच्या जागी आहेत. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही उन्हाळ्यात अनेक गावे टँकरची वाट पाहतात. हे कोडे गडांवरच्या माणसांना फार पूर्वीच उमगले होते. पेणजवळच्या सांकशी किल्ल्यावर आणि रोह्याच्या अवचितगडावर कातळात खोदलेली टाकी आहेत. पावसाळ्यात कातळावरून वाहणारे पाणी त्यांत उतरते. टाके खोल आणि तोंड अरुंद असले की उन्हाने कमी आटते. टाक्याशेजारी चार ओळींचा नीट मजकूर लावला, तर गड पाहायला आलेला माणूस नुसते छायाचित्र काढून परतणार नाही.

खारेपाटातील, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातील, उघाडी हे पाण्याचे दार तर आवर्जून दाखवावे असे. खाडीच्या बांधात बसवलेली तिची झडप वरच्या कडेला टांगलेली असते आणि खाडीच्या बाजूला उघडते. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने झडप घट्ट बसते. ओहोटी लागली की शेतातले गोडे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. ना इंजिन, ना वीज. काचेच्या पेटीत रंगीत पाणी घालून याची प्रतिकृती केली तर सहावीतल्या मुलालाही ती पाच मिनिटांत समजेल. बांधाला खांड गेली, खारे पाणी शिरले, की भातशेती नापीक होते. म्हणून बांधबंदिस्ती हे एकट्यादुकट्याचे काम कधीच नव्हते. १९४८ च्या खारजमीन कायद्याने त्यात सरकार आले. गोड्या पाण्यासाठी गावोगाव तळी राखली गेली आणि त्यांत जिताडा हा मासाही पोसला गेला. जिताड्याची चव सर्वांना ठाऊक, तळ्याचे गणित फार थोड्यांना.

रोह्याची कुंडलिका हा वेगळाच धडा. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीवरून भिऱ्याच्या वीजगृहात उतरते आणि मग या नदीत येते. म्हणजे घाटावर पूर्वेकडे वाहून गेले असते ते पाणी कोकणात येते. त्यावर कालव्यांखालची शेती भिजते, कोलाडचे राफ्टिंगही चालते. पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी मात्र नवी मुंबईकडे जाते आणि त्याच तालुक्यातील खारेपाटाची पिण्याच्या पाण्याची ओरड जुनीच आहे. नळ बंद ठेवण्याचा उपदेश करणारी चित्रे लावणे सोपे. धरण, जलवाहिनी आणि टँकरवर जगणारी गावे एकाच नकाशावर दाखवणे संग्रहालयाला अवघड जाते, कारण तिथे प्रेक्षक पाणी कोणाच्या वाट्याला येते असे विचारू लागतो.