वैशाखातली थंडी

श्रोतेहो, वैशाख महिना म्हटला की आपल्या मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी गुरं लिंबाच्या सावलीतून हलत नाहीत, पत्र्याखाली बसवत नाही. अशा दिवसांत कोणी म्हणालं, "स्वेटर आणि कानटोपी बांधून घ्या," तर ऐकणारा हसेल. पण नेमक्या ह्याच दिवसांत गावोगावची मंडळी बद्री-केदारला निघतात. केदारनाथाची दारं उघडतात ती अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, आणि मिटतात भाऊबीजेला. शेतातली कामं थोडी सैल झालेली, पोरांना सुट्टी, म्हणून वैशाख-ज्येष्ठ हाच आपल्याकडचा यात्रेचा काळ. घरात अंगाची लाही होत असताना थंडीचं गाठोडं बांधायचं, ही गोष्ट मनाला पटत नाही. चूक होते ती तिथंच.

तिकडे थंडी किती असेल? ह्याचा हिशेब सोपा आहे. आपण जसजसे उंच चढतो तसतशी हवा थंड होते. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश. आपलं छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर, तर केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर. म्हणजे फरक तीन हजार मीटरचा. तेव्हा इथं चाळीस अंश असतील, तर तिथं फार तर वीस. हा झाला नुसता उंचीचा हिशेब. त्यात बर्फावरून येणारा वारा आणि दुपारनंतरचा पाऊस धरा. मे महिन्याच्या सुरुवातीला पहाटे तिथला पारा शून्याजवळ उतरतो.

आता कपड्याचं काम काय ते पाहू. आपण म्हणतो, 'हा कपडा उबदार आहे.' खरं पाहता कपड्यात ऊब नसते. ऊब असते आपल्या अंगात. कपडा ती फक्त राखतो, आणि राखतो तोही आपल्यात अडकलेल्या हवेच्या जोरावर. आपल्या आजीला हे शास्त्र ठाऊक होतं. ती जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालून गोधडी शिवायची. एकेक लुगडं विरलेलं, पण थरांमध्ये हवा कोंडलेली, म्हणून गोधडी गरम. तीच गोधडी पाण्यात बुडवून पांघरली तर? कोंडलेल्या हवेची जागा पाणी घेतं, आणि स्थिर हवेपेक्षा पाणी सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. म्हणून ओला सुती कपडा थंडीत पांघरूण राहत नाही, तो अंगाचा वैरी होतो. लोकरीचं तसं नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही.

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण खरं कळलं ते २०१८ साली, आमच्या गावच्या मंडळींबरोबर केदारनाथला गेलो तेव्हा. मी स्वतः एक जाडजूड कोट नवा घेतला होता. बाकीच्यांनी नेहमीचे सुती कपडे आणि वर एकेक शाल. गटातल्या एका म्हाताऱ्या धनगरबाबांनी तेवढी घोंगडी आणली होती. "बाबा, मेंढरं चारायला निघालात का?" म्हणून आम्ही त्यांची वाटभर थट्टा केली.

गौरीकुंडाहून सकाळी निघालो. ऊन छान होतं. सोळा किलोमीटरची चढण. तासाभरात त्या कोटात मी घामानं भिजलो. काढावा तर वारा झोंबतो, ठेवावा तर घाम. दुपारी पाऊस आला. माझ्या मावशीचं सुती लुगडं पोटऱ्यांपर्यंत चिंब झालं. कोरडं लुगडं पिशवीत होतं, पण पिशवी कापडी, तीही भिजलेली. मावशी कुडकुडत चालत होती. पुढं तिचं कुडकुडणं थांबलं, आणि ती म्हणाली, "आता बरं वाटतंय रे. मला इथंच बसू दे." मला वाटलं, चला, बरं झालं. पण तिची जीभ जड झाली होती आणि हातातली काठी धरवत नव्हती.

वाटेवरच्या एका चहाच्या तंबूतली पहाडी बाई पुढं आली. तिनं एका नजरेत ओळखलं. आमच्या बायकांनी त्या धनगरबाबांच्या घोंगडीचा आडोसा धरला, आणि तिनं मावशीचे ओले कपडे उतरवून आपला लोकरी पायजमा तिला घालायला काढला. अशा वेळीही मावशी म्हणते काय, "अगं बाई, लुगड्याखाली पायजमा? लोक काय म्हणतील?" पण घातला. मग तीच घोंगडी भोवती गुंडाळली, गोड गरम चहा थोडाथोडा पाजला. दीड-दोन तासांनी ती पुन्हा थरथरू लागली, आणि ती पहाडी बाई हसली. थरथरणं म्हणजे शरीर पुन्हा झगडू लागलं होतं!

श्रोतेहो, ही खूण ध्यानात ठेवा. शरीराचं तापमान सदतीसवरून पस्तिसाच्या खाली गेलं की धोका. थंडीत कुडकुडणारा माणूस अचानक शांत झाला, बरळू लागला, तर तो सुधारला असं समजू नका. ओले कपडे आधी काढा, कोरडं पांघरा, शुद्धीवर असेल तर गोड गरम काही द्या, आणि लगेच दवाखान्याची मदत बोलवा. दारू मुळीच नको. तिनं अंगाची ऊब उलट बाहेर जाते.

मावशीचा तो प्रश्न मात्र नवा नव्हे. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकायला आगबोटीनं अमेरिकेला गेल्या. आपल्या पद्धतीच्या लुगड्यात पाय उघडे राहतात आणि तिकडची थंडी बाधते, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. साडी सोडली नाही, पण पाय झाकले. देशी वळण राखूनही थंडीचा मान ठेवता येतो, हे त्या तरुण मुलीनं तेव्हा ओळखलं होतं.

मग गाठोड्यात काय बांधावं? एक जाड कोट नको. गोधडीसारखे तीन थर घ्या. अंगालगत घाम न धरणारं लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचं बनियन आणि तसाच पायजमा. बायकांनी तो लुगड्याखाली निःसंकोच घालावा. त्यावर स्वेटर. सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारा रेनकोट. चढताना एक थर काढा, थांबताच चढवा. घाम येऊच देऊ नका. छत्रीचा भरवसा नको, ती वाऱ्यात उलटते. कानटोपी, हातमोजे, लोकरी मोज्यांचे तीन जोड. बूट नवे कोरे नेऊ नका, महिनाभर आधी शेतात वापरून मऊ करा. सुती कपडे दोन जोड पुरेत, कारण हरिद्वार-हृषीकेशला आपल्यासारखाच उकाडा असतो. आणि एक संपूर्ण कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून जवळ ठेवा, बसमध्ये नव्हे. तो फक्त मुक्कामाला किंवा अडचणीत सोडायचा.

हल्ली काही घरची मुलं परदेशी असतात, ती आईवडिलांना उन्हाळ्यात बोटीनं अलास्काचा किंवा नॉर्वेचा बर्फाळ किनारा दाखवतात. तिथं जुलैतही दिवसाचं तापमान अनेकदा पंधरा अंशांच्या आसपास असतं. समुद्र सावकाश तापतो, आणि हिमनद्यांवरून वारा येतो. बोटीच्या आत गरम, डेकवर गार. तेव्हा तिथंही हाच तीन थरांचा नियम.

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. दोन सारखे तांबे घ्या, त्यांत सारखंच कोमट पाणी भरा. एकाला कोरडं फडकं गुंडाळा, दुसऱ्याला ओलं, आणि दोन्ही वाऱ्यात ठेवा. दर पाच मिनिटांनी मुलांना तापमान मोजायला लावा. मुलं घरी जाऊन आजीला सांगतील, आणि पुढच्या वैशाखात आजी यात्रेला निघेल तेव्हा तिच्या गाठोड्यात एक पायजमा न लाजता जाईल.

आमच्या मावशीनं तो पहाडी पायजमा परत करायला काढला, तर त्या बाईनं घेतला नाही. आता गावातून कोणी केदारनाथला निघालं, की मावशी तो धुऊन, घडी घालून त्याच्या घरी नेऊन देते.