डोंगरातलं चार्जिंग: समजुती आणि हिशेब

चार-पाच दिवसांच्या सलग ट्रेकला निघताना पाणी, शिधा, दोर यांचा हिशेब सगळे करतात. चार्जिंगचा हिशेब मात्र ‘मोठी पॉवरबँक घेतली आहे’ इथेच संपतो. आज फोनच नकाशा आहे, कॅमेरा आहे, आणि कुणाचा पाय मोडला तर मदत मागायचं साधनही तोच आहे. तो तिसऱ्या दिवशी मान टाकतो, याचं कारण बहुधा बॅटरी लहान असणं हे नसतं. शहरातल्या सवयी आणि ऐकीव समजुती आपण डोंगरात जशाच्या तशा घेऊन जातो, त्याचा तो परिणाम असतो.

‘२०,००० एमएएचची पॉवरबँक, म्हणजे ५,०००चा फोन चार वेळा फुल’

प्रत्यक्षात साधारण तीन वेळा. पॉवरबँकेवर छापलेला आकडा आतल्या सेलचा असतो, आणि सेलचा व्होल्टेज असतो ३.७. यूएसबीतून वीज बाहेर पडते ती ५ व्होल्टने, जलद चार्जिंगमध्ये ९ किंवा त्याहून जास्त व्होल्टने. व्होल्टेज चढवताना थोडी वीज उष्णता होऊन जाते, थोडी केबल खाते, आणि फोन तो व्होल्टेज पुन्हा उतरवून आपल्या बॅटरीत भरतो तेव्हा आणखी थोडी जाते. म्हणून तुलना वॉट-अवरमध्ये करावी. २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, त्याला ३.७ने गुणलं की ७४ वॉट-अवर होतात. ५,०००च्या फोनची बॅटरी सुमारे १९ वॉट-अवरची. ७४पैकी ५५ तिच्यात पोचले तरी चांगलं झालं म्हणायचं. पॉवरबँकेच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून १२,०००च्या आसपासचा एक आकडा बहुधा असतो. ट्रेकचा हिशेब त्यावर करावा. फोनच्या पाठीला चिकटवायचं वायरलेस चार्जिंग घरीच ठेवावं, त्यात नासाडी याहून बरीच जास्त होते.

हाच वॉट-अवरचा आकडा हिमालयात जाताना विमानतळावरही विचारला जातो. पॉवरबँक चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतच न्यावी लागते. १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. म्हणजे साधारण २७,००० एमएएच. १६०च्या वर तर नेताच येत नाही. ऑनलाइन स्वस्तात दिसणारी ५०,०००ची पॉवरबँक खरोखर तेवढी असेल तर ती १८५ वॉट-अवरची होते. माझं मत विचाराल तर एका मोठ्या पॉवरबँकेपेक्षा १०,०००च्या दोन घ्याव्यात आणि दोघांच्या सॅकमध्ये वाटून ठेवाव्यात. एक ओढ्यात पडली तरी दुसरी राहते.

‘रेंज नाही तिथे जीपीएस चालत नाही’

या समजुतीमुळे डोंगरात सगळ्यात जास्त चार्जिंग वाया जातं, कारण तिच्यापायी लोक फ्लाइट मोड लावायला घाबरतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संकेत पाठवत असतात. फोन ते फक्त ऐकतो. त्याला उलट काही पाठवावं लागत नाही, मोबाइलचा टॉवर लागत नाही. टॉवरची मदत असली तर पहिल्यांदा जागा लवकर सापडते इतकंच. ती नसली तर उघड्या पठारावर फोन घेऊन एक-दोन मिनिटं, कधी थोडं जास्त, थांबावं लागतं. नकाशा मात्र घरूनच वायफायवर उतरवून घेतलेला हवा, नाहीतर कोऱ्या पडद्यावर नुसता निळा ठिपका दिसतो.

याउलट रेंज नसलेल्या दरीत फोन साध्या मोडवर ठेवला, तर तो टॉवर शोधत बसतो आणि अंधूक संकेत पकडायला जास्त जोर लावतो. सॅकमध्ये नुसता पडलेला फोन संध्याकाळपर्यंत अर्ध्यावर येतो तो यामुळे. अलंग-मदन-कुलंगसारख्या ट्रेकमध्ये माथ्यावर रेंज येते, खिंडीत जाते, पुढच्या धारेवर पुन्हा येते. फ्लाइट मोड लावून चालावं, माथ्यावर तो काढून निरोप द्यावा, पुन्हा लावावा. पडदा पेटण्यालाही बरीच वीज लागते, तेव्हा चालताना वाटेची नोंद चालू ठेवायची असेल तर पडदा बंद करूनच ठेवावी.

जीपीएसला खरी अडचण होते ती कातळाची. सांदण दरीत किंवा नळीच्या वाटेसारख्या ठिकाणी आकाशाची नुसती चिरोटी दिसते, संकेत कड्यांवर आपटून येतात आणि ठिपका भलत्याच सोंडेवर जाऊन बसतो. तिथे फोनकडे पुन्हा पुन्हा पाहून काही निष्पन्न होत नाही. वाटाड्याचं ऐकावं.

‘थंडीने बॅटरी उतरते’

यात अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याने लोक नवी बॅटरी खराब करतात. लिथियम-आयन बॅटरीत वीज वाहते ती एका द्रावातून सरकणाऱ्या आयनांमुळे. थंडीत हे सरकणं मंदावतं, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि फोनने एकदम जास्त वीज मागितली, उदाहरणार्थ कॅमेरा उघडला, की व्होल्टेज कोसळतो. फोन तीस टक्क्यांवरही बंद पडतो. चार्ज आतच असतो. फोन जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवला की बराचसा परत मिळतो. ॲपल आपले फोन ० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरायला सांगते. डिसेंबर-जानेवारीत केदारकंठ्याची चढाई मध्यरात्रीनंतर सुरू होते तेव्हा पारा शून्याच्या बराच खाली असतो.

कायमचं नुकसान होतं ते शून्याखाली चार्ज करताना. गोठलेल्या बॅटरीत चार्ज ढकलला की लिथियम ग्राफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतं. ती क्षमता पुन्हा मिळत नाही, आणि हे साचणं वाढलं तर आत शॉर्टसर्किटचाही धोका असतो. पहाटे तीनला तंबूबाहेर पॉवरबँक जोडणं म्हणूनच टाळावं. संध्याकाळी कॅम्पवर पोचल्यावर, अंग आणि उपकरणं अजून गरम असताना चार्जिंग उरकावं. रात्री फोन, पॉवरबँक, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या पिशवीत घट्ट बंद करून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवाव्यात. चार्जिंगला लावून मात्र पांघरुणात ठेवू नयेत. सह्याद्रीत एवढी चिंता नाही, कळसूबाईवरच्या थंडीत बॅटरीचं फारसं बिघडत नाही.

‘सॅकवर सोलर पॅनेल लावलं की प्रश्न मिटला’

पॅनेलवरचे २० वॉट मोजलेले असतात प्रयोगशाळेत: दर चौरस मीटरला १,००० वॉट प्रकाश, पॅनेलचं तापमान २५ अंश. सॅकच्या पाठीवर ते उभं लटकतं, आपण वळलो की सावलीत जातं, कारवीच्या रानात दिवसभर अंधारातच असतं. तिथे हाती येतो तो छापील आकड्याचा छोटा हिस्सा. इंटरनेटवरचे बरेच सल्ले अमेरिकेतल्या कोरड्या डोंगरात आठवडाभर राहणाऱ्या शिकाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. त्यांचा तळ एका जागी असतो, सूर्य स्वच्छ असतो, म्हणून त्यांचं जमतं. रोज तंबू हलवणाऱ्याला ते वजन परवडत नाही, आणि आपल्या पावसाळ्यात तर पॅनेल न्यायचं कारणच नाही. एका जागी दोन-तीन दिवसांचा मुक्काम असेल तर जरूर न्यावं, पण त्यावर पॉवरबँक चार्ज करावी. थेट फोन जोडला तर प्रत्येक ढगागणिक चार्जिंग तुटतं आणि फोन उन्हात तापतो तो वेगळाच.

पावसाचा विषय निघालाच आहे, तर भिजलेला फोन तांदळात ठेवू नये. तांदळाचे बारीक कण पोर्टमध्ये जातात. ॲपलनेही तसं करू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. पोर्ट खाली करून हलकेच झटकावा, हवेशीर जागी ठेवावा आणि पूर्ण सुकेपर्यंत केबल लावू नये.

‘अधूनमधून बॅटरी शून्यावर आणावी’ हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. सोनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिला शून्यावर जाणं मानवत नाही. मागची ॲप्स सारखी ढकलून बंद केल्यानेही काही वाचत नाही, पुन्हा उघडताना उलट जास्त वीज लागते.

टॉर्चसाठी फोन वापरणं ही चैन आहे. हेडलॅम्प घ्यावा. बर्फात जायचं असेल तर त्यात साध्या अल्कलाइन सेलऐवजी १.५ व्होल्टचे, एकदाच वापरायचे लिथियम सेल घालावेत. ते उणे ४० अंशांपर्यंत चालतात आणि हलकेही असतात. दिवसा एक सेल काढून ठेवला की सॅकमध्ये दाबून दिवा चालू होत नाही.

‘रेंज नाही, मग चार्ज राखून तरी उपयोग काय’

आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा टॉवर पकडला गेला तर ११२ हा आपत्कालीन नंबर लागू शकतो. त्यासाठी फ्लाइट मोड काढावा लागतो, हे घाबरलेल्या माणसाच्या ध्यानात राहत नाही. बोलण्याइतका संकेत नसेल तेव्हाही साधा एसएमएस कधीकधी निघून जातो. त्यात जागा, अक्षांश-रेखांश, किती माणसं, काय इजा, एवढं लिहावं. परदेशातले भटके अशा वेळी सॅटेलाइट मेसेंजर वापरतात. भारतात ते किंवा सॅटेलाइट फोन सरकारी परवान्याशिवाय जवळ बाळगणंही बेकायदा आहे. अमेरिकेतून सुट्टीला आलेला भाचा किंवा पुतण्या बॅगेत असं उपकरण आणत असेल तर त्याला आधीच सांगा; यापायी विमानतळांवर परदेशी पाहुणे अडवले गेले आहेत.

म्हणजे आपल्याकडे मदतीचा सगळा भार साध्या फोनवरच येतो. गटाने निघण्याआधी एक फोन ठरवावा: पूर्ण चार्ज केलेला, बंद करून कोरड्या पिशवीत ठेवलेला, शक्य तर बाकीच्यांपेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम असलेला. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा आणि पायथ्याच्या गावातल्या एखाद्याचा नंबर त्यात घालून ठेवावा आणि कागदावरही लिहून घ्यावा. फोटो त्यावर कुणीच काढायचे नाहीत. घरच्यांना सांगून निघावं, की दिवसभर फोन बंद लागेल, संध्याकाळी अमुक माथ्यावरून निरोप येईल, आणि अमुक वेळेपर्यंत आला नाही तर गावात कुणाला फोन करायचा.